हौसामावशीच्या दारातलं गवत

बावधनच्या त्या दोन खोल्यांत आम्हाला जाग यायची ती दाराच्या कडीवर किटलीचं झाकण आपटल्याच्या आवाजानं. दाराला घंटी होती, आप्पांनी हौसेनं बसवली होती, पण हौसामावशीचा घंटीवर विश्वास नव्हता. "ते बटण दाबलं तर आत वाजतंय का न्हाई, मला भाईर काय कळतंय?" असं म्हणून ती झाकणानंच कडी बडवायची आणि सगळा जिना जागा करायची. आई पातेलं घेऊन धावायची. मावशी मापानं दूध घालायची आणि माप घालून झालं की किटली तिरकी करून आणखी एक धार सोडायची. "ही चंद्रीकडनं," म्हणायची. चंद्री म्हणजे तिची म्हैस. एकच होती, आणि त्या एकीवर मावशीचं एकटीचं घर चालायचं. गावठाणाच्या टोकाला, टेकडीच्या अगदी पायथ्याशी तिचं घर आणि घराला लागून गोठा होता. शाळेतून येताना मी वाट वाकडी करून तिकडून यायची. चंद्रीच्या कपाळावर पांढरा टिकला होता. रवंथ थांबवून ती माझ्याकडे अशी बघायची की या गावात घरची कोण आणि परकी कोण हे मला लगेच कळायचं.

परके तर आम्ही होतोच. परभणीकडचं गाव सोडून आप्पा पिरंगुटच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून लागले आणि आम्ही इकडे आलो. आईनं येताना येसराच्या मसाल्याचा डबा, पाटा-वरवंटा आणि ज्वारीचं पोतं आणलं होतं. तिच्या मते पुण्याच्या लोकांना आमटी म्हणजे काय ते माहीतच नव्हतं. दुपारी जवळच्या खाणीत सुरुंग उडायचा आणि मांडणीतल्या कपबशा किणकिणायच्या. आई दर वेळी छातीवर हात ठेवून "अगं बाई" म्हणायची. आम्ही त्या घरात होतो तितकी वर्षं रोज सुरुंग उडाला, आणि रोज ती तेवढीच दचकली. संध्याकाळी पाण्याचा टँकर यायचा, त्याच्या मागे बादल्यांचा आवाज, आणि या सगळ्याच्या तळाशी चांदणी चौकाच्या चढाला लागलेल्या ट्रकांची घरघर. गावाकडून पाहुणे आले की विचारायचे, इथं पाऊस येणार आहे का, गडगडतंय केव्हापासून.

आप्पा घरात बोलत नसत. रागीट होते असं नाही. विचारलं तर उत्तर देत, आणि उत्तर देऊन झालं की दुकानाचं शटर ओढल्यासारखे गप्प होत. गावाकडे हेच आप्पा पारावर बसून लोकांना पोट धरून हसवायचे, असं आई सांगायची. मला बरं वाटावं म्हणून ती हे रचून सांगते असा माझा समज होता. चंद्रीच्या दुधाचं दही घट्ट, कवडी पडलेलं लागायचं. रविवारी आई धपाटी करायची. आप्पा दोन धपाटी खाऊन पाणी पिऊन म्हणायचे, "दही गावाकडच्यासारखं आहे." आठवड्यातलं त्यांचं सगळ्यात लांब वाक्य ते असायचं. मी त्याची वाट बघायची. आज हे लिहिताना हसू येतं, पण तेव्हा मला खरोखर भीती वाटायची की एखाद्या रविवारी ते हेही म्हणायचे नाहीत.

टेकडीवर आप्पांना नेलं ते करंदीकर सरांनी. सर आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे. शाळेत शास्त्र शिकवून निवृत्त झाले होते, पण गळ्यातली शिट्टी काही निवृत्त झाली नव्हती. दहाबारा घरांतली माणसं जमवून त्यांनी एक संस्था काढली होती. तिचं नोंदणीचं नाव इतकं लांबलचक आणि संस्कृत होतं की सरांखेरीज कुणालाच ते एका दमात म्हणता यायचं नाही. गावातले लोक आम्हाला सरळ 'कॅनवाले' म्हणायचे. टेकडी वनखात्याची होती. आमच्याकडे झाडं लावायची आणि राखायची नुसती परवानगी होती, पण रविवारी सकाळी आम्ही सगळे असे चालायचो की टेकडी आमच्या आजोबांनी आमच्या नावावर करून ठेवली आहे.

कॅनवाले हे नाव पडलं ते आमच्या रीतीमुळे. पायथ्याला शेवटच्या इमारतीच्या नळावर गोड्या तेलाचे रिकामे कॅन भरून ओळीनं ठेवलेले असायचे. वर जाणाऱ्या प्रत्येकानं, मग तो सभासद असो की नुसता फिरायला आलेला, एक कॅन उचलायचा, वर एखाद्या झाडाला घालायचा आणि रिकामा कॅन परत ओळीत आणून ठेवायचा. रिकाम्या हातानं चढायचं नाही आणि भरला कॅन घेऊन उतरायचं नाही, एवढीच आमची घटना. पण माणूस तो माणूसच. चढ सुरू झाला की कॅन जड व्हायला लागायचा, आणि बरेच जण पहिल्या वळणावरच्या झाडांना पाणी घालून पुण्य पदरात पाडून घ्यायचे. त्यामुळे खालच्या झाडांची मुळं कुजायची आणि माथ्यावरची झाडं तहानेनं जायची. आप्पांनी पहिल्याच महिन्यात हे हेरलं आणि कुणाशी न बोलता माथ्याखालची सपाटी आपल्याकडे घेतली. दोन हातांत दोन कॅन घेऊन ते रोज कारखान्यात जाण्याआधी चढायचे. गावी आमच्या आजीच्या अंगणात मोठा लिंब होता. त्याच्या निंबोळ्या त्यांनी रुमालात बांधून आणल्या, दुधाच्या पिशव्यांत रुजवल्या आणि पावसाळ्यात सपाटीवर लावल्या.

आणि आप्पा बोलायला लागले. आधी झाडांविषयी. मग झाडांवरून गावाविषयी. "मने, तुला माहीत आहे का," अशी सुरुवात करून ते मला त्यांच्या लहानपणीच्या गोष्टी सांगायचे, चढाचा दम लागून मध्ये थांबायचे आणि तिथूनच पुढे सुरू करायचे. एकदा सपाटीवर बसून त्यांनी गावच्या पोस्टमनची नक्कल केली. सरांना हसून हसून ठसका लागला आणि त्यांच्या शिट्टीतून आपोआप सूर निघाला. मी घरी पळत जाऊन आईला सांगितलं. आई भाकरी थापत होती, तिनं मान वर केली नाही. "मी सांगत नव्हते?" एवढंच म्हणाली आणि थापून झालेली भाकरी पुन्हा थापत राहिली. माझ्या लेखी त्या दिवसापासून सपाटीवरचे ते लिंब म्हणजे आप्पांचा आवाज होता. ती झाडं जगायला हवी होती. दुसरं मला काही नको होतं.

दिवाळी झाली, थंडी पडायला लागली की टेकडीवरचं गवत कमरेइतकं होऊन पिवळं पडायचं. मग हौसामावशी आणि गावातल्या सातआठ बायका विळे आणि दोर घेऊन वर यायच्या. दहा-पंधरा दिवस त्या गवत कापायच्या, भारे बांधायच्या आणि डोक्यावर घेऊन उतरायच्या. वर्षाची वैरण त्यांची तेवढीच. बाकीचं रान तोवर प्लॉटच्या तारांमागे गेलं होतं. आम्ही कॅन घेऊन चढत असू आणि त्या भारे घेऊन उतरत असत. वाट अरुंद, त्यामुळे आम्ही कडेला सरकून उभे राहायचो. भाऱ्याखालून मावशीचा नुसता आवाज यायचा, "सरका, सरका, चंद्रीचा फराळ चाललाय."

अशाच एका हंगामात कुणाच्या तरी विळ्याखाली आप्पांचे दोन लिंब गेले. रोपं हातभर उंच होती आणि गवतात बुडालेली होती. कापणाऱ्या बाईला दिसली नसणार. आप्पांना सकाळी गवताच्या बुंध्यांमध्ये तिरके कापलेले दोन हिरवे खुंट सापडले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. रविवारी मंडळाची बैठक आमच्याच घरी होती, आणि एरवी कोपऱ्यात बसणारे आप्पा उभे राहून बोलले. गवत कापणं बंद झालं पाहिजे, म्हणाले. सरांना ते लगेच पटलं. त्यांचं स्वतःचं वेगळं कारण होतं: गवतात किती जाती आहेत, बी पडायच्या आत ते कापलं जातं, मग पाखरांनी खायचं काय, मातीनं धरायचं काय. बोलता बोलता ते गवताच्या शास्त्रात शिरले आणि सगळ्यांनी माना हलवल्या. आईनं चहा आणला. चांगला दाट, आलं घातलेला. सर म्हणाले, "वहिनी, तुमच्याकडच्या दुधाला तोड नाही हो." सगळ्यांनी दुसऱ्यांदा घेतला. त्या खोलीत शिकलेली बारा माणसं होती. कपात जे आहे ते कशातून आलं, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

बोर्ड लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर चांगलं होतं. शाळेत फळ्यावरचा सुविचार मीच लिहायची. पत्र्याला हिरवा रंग देऊन त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं मी दोन दिवस अक्षरं काढली. बोर्ड वाटेच्या तोंडाशी उभा केल्यावर शेवटची ओळ तिथंच बसून पुरी करत होते, तेव्हा हौसामावशी आली. हातात विळा, खांद्यावर दोर. माझ्यामागं उभी राहून बराच वेळ बघत राहिली.

"काय लिवतीयास गं, बाय?"

मला इतका अभिमान वाटत होता की मी बोट ठेवून ठेवून वाचून दाखवलं. "ही टेकडी आपली आहे. येथे गुरे चारण्यास, लाकूड तोडण्यास व गवत कापण्यास मनाई आहे."

"गवत बी?"

"हो मावशी. आमची झाडं कापली जातात ना गवताबरोबर."

तेवढ्यात सर आले, त्यांनाच तिनं विचारलं. "सर, बारक्या झाडाच्या भवतीचं हातानं उपटून काढू आमी. फडकी बांधा झाडाला, विळा लागायचा न्हाई. पर गवत हुभं ठिवू नगा. उन्हाळ्यात हे वाळून चिपाड हुतंय. एक काडी पडली का सगळा डोंगर घिऊन जाईल."

सरांनी तिला समजावलं. अगदी प्रेमानं, वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलीला समजावावं तसं. आम्ही लक्ष ठेवू, म्हणाले. कॅन भरलेले असतात, म्हणाले. गवतालाही जगायचा हक्क आहे, असंही म्हणाले. मावशीनं ते पुरतं ऐकून घेतलं. मग खांद्यावरचा दोर काढला, त्याचा हातावर गुंडाळा केला, "बरं," म्हणाली आणि वळली. जाताना माझ्याकडे बघून म्हणाली, "अक्षर मातर लई सुरेख हाय तुझं." मी खूश झाले. हे वाक्य मी घरी जाऊन आईलाही सांगितलं. या वयात माझ्या आयुष्यातली एखादी गोष्ट पुसून टाकायची मुभा मिळाली, तर मी ती खुशी पुसेन.

पुढचं सगळं आमच्या दारातच घडत होतं, आणि आम्हाला दिसत नव्हतं. त्या उन्हाळ्यात दूध पातळ यायला लागलं. मग 'चंद्रीकडनं' येणारी धार बंद झाली. आई कुरकुरायची, "हौसाबाई पाणी घालायला लागल्या की काय." पावसाळा गेला, गवत परत कमरेला आलं आणि दिवाळीच्या सुमाराला मावशी एका सकाळी किटलीशिवाय आली. कडी हातानंच वाजवली. "म्हस आटली, वयनी. दुसरं दूध बगा तुमी." आईनं तिला चहा दिला, फराळाचं दिलं, पुढच्या वेताचं दूध आम्हालाच द्यायचं असं वचन घेतलं. ती हो म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून आम्ही पिशवीचं दूध घ्यायला लागलो. दह्याला तार यायची. आप्पा धपाटी खाऊन काही बोलायचे नाहीत, पण तोवर त्यांच्याकडे बोलायला टेकडी होती. लिंब माझ्या खांद्याला लागले होते. खांद्याएवढ्या लिंबाला कुणी चुकून कापत नाही, असं आप्पा म्हणायचे. आणि सर दर रविवारी वाटेवर थांबून वाळलेल्या उभ्या गवताकडे हात करून म्हणायचे, "बघा, कसं माजलंय. याला म्हणतात राखणं."

माझी बारावीची परीक्षा तोंडावर आली होती. दुपारी घरात झोप यायची म्हणून मी गच्चीवर टाकीच्या सावलीत बसायची. त्या दिवशी पुस्तकातून डोकं वर केलं ते घारींमुळे. टेकडीच्या एका अंगाला दहावीस घारी गोल गोल फिरत होत्या, आणि त्यांच्याखाली धुराची एक बारीक, सरळ काडी होती. उभं राहून नीट बघेपर्यंत ती काडी भिंत झाली. मी खाली पळाले. सरांना हाक मारली, ते साताऱ्याला मुलीकडे गेले होते. आप्पांच्या कारखान्यात फोन लावला, गेटवरच्या माणसानं निरोप देतो म्हणून सांगितलं. अग्निशामक दलाला लावला, त्यांनी विचारलं, गाडी वर जायला रस्ता आहे का. रस्ता नव्हता. झाडं तुटतील म्हणून आम्हीच होऊ दिला नव्हता.

पायथ्याला आम्ही जेमतेम आठजण जमलो. बायका, एक आजोबा, शाळेतून आलेली दोन मुलं. दुपारची वेळ, बाकी सगळे कामावर. कॅनची ओळ भरून तयार होती. आम्ही दोन्ही हातांत कॅन घेऊन चढलो, आणि पहिल्या वळणावर तोंडावर असा झोत आला की पाय आपोआप मागे आले. मी कॅन ओतला. पाणी जमिनीवर पडल्याचंही ऐकू आलं नाही. सगळीकडे एकच आवाज होता, तडतड, तडतड, लाह्या फुटाव्यात तसा, आणि तो डोंगराच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकदम येत होता. घारी धुरात सूर मारून जळत्या गवतातून उडालेले नाकतोडे धरत होत्या. आम्ही कॅन ओतत होतो. रिकामे झालेले कॅन घेऊन खाली पळत होतो, भरत होतो, परत आणत होतो. कुणी काही सांगत नव्हतं. एवढंच आम्हाला येत होतं, म्हणून एवढंच आम्ही करत होतो.

"पाणी ऱ्हाऊ द्या ते! हिकडं या!"

हौसामावशी होती. पदर डोक्याला गच्च बांधलेला, हातात विळा. तिच्यामागून गावातल्या आणखी दोघी. आगीकडे बघायलाही त्या थांबल्या नाहीत. आडवाटेनं थेट सपाटीच्या खाली गेल्या आणि तिथं आडव्या ओळीत बसून गवत कापायला लागल्या. "तुमी मागनं उपटा, साफ माती दिसली पायजे," मावशी ओरडली. मी हातांनी गवत उपटायला लागले. कुसळं तळव्यांत शिरत होती. कापलेला पट्टा हातभर रुंद झाला, दोन हात झाला. आगीला थोपवायला तो वीस हात हवा होता. मावशीचा विळा मी कधी इतका भरभर चाललेला पाहिला नव्हता. आणि तरी तिनं एकदा मान वर करून डोंगराकडे पाहिलं तेव्हा तिच्या तोंडावर मला दिसलं की हे व्हायचं नाही, हे तिला आल्याबरोबरच कळलं होतं.

"दर साली ह्या येळंपतूर डोंगर कापल्याला आसायचा सगळा," ती धापा टाकत म्हणाली, माझ्याशी की स्वतःशी कळलं नाही. "आग लागायची की. दर साली लागायची. पर हितं येऊन मरायची. तिला खायाला काय नसायचं."

मग तिनं माझं मनगट धरलं आणि मला फरपटत खाली आणलं. आमच्या डोळ्यांदेखत आग त्या दोन हात पट्ट्यावरून उडी मारून पलीकडे गेली. लिंब एकदम पेटले नाहीत. आधी त्यांची पानं आक्रसली, तपकिरी झाली, आणि मग खालून गवतानं त्यांना कवेत घेतलं. मी मोठ्यानं रडत होते. मावशीनं माझं डोकं तिच्या पोटाशी दाबून धरलं होतं, मी बघू नये म्हणून. तिच्या लुगड्याला धुराचा आणि घामाचा वास येत होता. बऱ्याच वेळानं, पार टेकडी जळून गेल्यावर, माझ्या लक्षात आलं की त्या वासात शेणाचा, दुधाचा तो नेहमीचा वास नव्हता. लक्षात आलं आणि तसंच निघूनही गेलं.

आप्पा कारखान्यातून मिळेल त्या टेम्पोनं आले होते. ते पायथ्याला बोर्डाजवळ उभे होते. बोर्ड खाली असल्यामुळे तेवढा वाचला होता, हिरवागार, पांढरी अक्षरं स्वच्छ. "आप्पा," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली. घरी येऊन हातपाय धुतले, जेवले, विचारलेल्याला उत्तरं दिली. शटर ओढलं गेलं होतं, आणि ते उचलायला आईपाशी, माझ्यापाशी काही नव्हतं. आई येसराची आमटी करून बघायची, मी गावच्या पोस्टमनचं नाव काढून बघायची. ते ऐकून घ्यायचे. आग कुणी लावली हे कधीच कळलं नाही. कुणाची बिडी असेल, कुणी पोरांनी गंमत केली असेल. मी तो शोध सोडून दिला, कारण आगीला खायला कुणी घातलं होतं हे मला माहीत होतं.

पावसाळ्यानंतर गवत नेहमीपेक्षा जोमानं आलं. जळलेल्या मातीला ते आवडतं म्हणतात. काही खुंटांना फूट आली, लिंबांतला एकच जगला. कार्तिकात मंडळाची बैठक झाली. सर फार खचले होते, शिट्टीही घातली नव्हती. चूक झाली, म्हणाले. बायकांना गवत कापायला बोलवायचं ठरलं, आणि हे सांगायला आप्पांनी जायचं ठरलं, कारण मनाई त्यांनीच मागितली होती. मी सोबत गेले. वाटेत आप्पा मनाशी वाक्यं जुळवत होते, ओठ हलत होते.

मावशी दारात तांदूळ निवडत होती. आप्पा उभ्यानंच म्हणाले, "हौसाबाई, आमचं चुकलं. आता गवत कापा. सगळं कापा. आम्ही बोर्ड काढून टाकतो."

सुपातला खडा वेचून बाजूला टाकत ती म्हणाली, "कुनासाटी कापू, आप्पा?"

मी गोठ्याकडे पाहिलं. आत चुलीची लाकडं रचलेली होती, कोपऱ्यात एक मोडकी सायकल. खुंटीला दावं टांगलेलं होतं, आणि त्याच्यावर धूळ होती.

"आटली म्हणाला होतात ना," माझ्या तोंडून निघालं.

"आटल न्हाई तर काय करंल? पोटाला काय हुतं तिच्या? विकत वैरण घालून बगितली दोन म्हैनं. मग दिली एकाला, पौडाकडं. चांगला माणूस हाय, रान हाय त्याचं." ती हसल्यासारखं करून म्हणाली, "त्या दोगी आल्या हुत्या आगीला, त्यांची बी न्हाईत आता. गावात कुनाचीच न्हाई. गवत कोन कापायचं?"

"मग सांगितलं का नाही आम्हाला?" आप्पांचा आवाज मला ओळखू आला नाही. "रोज दारात येत होता तुम्ही."

"काय सांगायचं? तुमी वाईट माणसं आस्ता तर भांडले आसते." तिनं सूप पाखडलं. "पोरीनं येवढं सुरेख लिवलं हुतं. वाचून बी दावलं मला."

आप्पा वळले. पुढच्या रविवारी ते एकटेच विळा घेऊन टेकडीवर गेले. विळा धरायची त्यांची सवय मोडली होती, दुपारपर्यंत जेमतेम एक भारा झाला. तो वेडावाकडा बांधून, डोक्यावर घेऊन, मानेला कुसळं टोचत असताना ते उतरले आणि मावशीच्या दारात भारा ठेवून घरी आले. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा. मग रोज कारखान्यात जाण्याआधी. आई म्हणाली, "अहो, म्हैस नाही त्यांच्याकडं." ते म्हणाले, "माहीत आहे." झाडांसाठी गवत कापायला हवंच होतं, हे खरं. पण कापलेलं गवत कुठंही टाकता आलं असतं. ते तिच्याच दारात का नेतात हे त्यांना कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्यांना सांगता आलं असतं असं मला वाटत नाही.

आठवड्याभरानं मावशीनं मला वाटेत गाठलं. "बापाला सांग गं, बाय," ती म्हणाली, "नगं म्हनावं. दारात गवत बगवत न्हाई मला. रातच्याला वास येतो त्येचा, आन् वाटतं ती हंबरतीया." मी हो म्हणाले. घरी आले. आप्पा उंबऱ्यात बसून विळ्याला धार लावत होते. मला बघून म्हणाले, "मने, आज दोन भारे झाले." आग लागल्यापासून त्यांनी घरात आपणहून बोललेलं ते पहिलं वाक्य होतं.

माझ्याच्यानं निरोप सांगवला नाही. तेव्हा नाही, आणि पुढेही कधी नाही. दुसऱ्या दिवसापासून आप्पा भारा ठेवून कारखान्याच्या गाडीला गेले की मी मावशीच्या घराकडे जायची. तिच्या दाराची कडी निघायच्या आत तो भारा दारातून ओढत ओढत घरामागच्या कोरड्या ओढ्यापर्यंत न्यायची आणि आत ढकलून द्यायची. मग उंबऱ्यासमोर सांडलेल्या काड्या हातानं वेचायची, एकही उरू नये म्हणून. मावशीला वाटलं बापानं ऐकलं. आप्पांना वाटलं गवत तिच्या कामी येतंय. सगळा हंगाम मी हे केलं. ओढ्यात गवत साठत गेलं, वाळत गेलं, आणि रोज संध्याकाळी आप्पा मला सांगायचे, आज भारा केवढा झाला ते.